अल्सर फुटला, पोटात सेप्सिस झाला: नानांच्या आजारपणाची हकिकत

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी आणून आता काही महिने झाले. आयसीयूच्या बाहेर बसून मी रात्र-रात्र मोबाइलवर ‘सेप्सिस’ (संसर्गामुळे शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होणं) शोधत असायची. जे सापडायचं ते एक तर घाबरवणारं असायचं, नाहीतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. रुग्णाच्या घरच्यांनी नेमकं काय विचारायचं, कोणता कागद कधी लागतो, कोणत्या दिवशी कशाची भीती असते, हे मराठीत कुणी सांगत नव्हतं. म्हणून आमच्यावर जे गुजरलं ते तारखांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. वैद्यकीय बाबी आमच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावल्या, त्या मी वहीत टिपून ठेवल्या होत्या.

नाना अडुसष्ट वर्षांचे. औसा तालुक्यात आमची शेती, ती मोठा भाऊ बघतो. मी नोकरीमुळे लातूरला. नानांना मधुमेह बरीच वर्षं, गोळीवर आटोक्यात. गुडघे दुखतात म्हणून पेरणीच्या दिवसांत मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती, बऱ्याचदा रिकाम्या पोटी. आमच्या भागात प्रत्येक घरात ही गोळी असते.

२० जून २०२५, शुक्रवार. दुपारी शेतातच बेंबीच्या वरच्या बाजूला एकदम जोराची कळ आली. नाना वाकून बसले ते उठेनात. दादाने मोटरसायकलवर गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन झालं, सलाइन झाली. संध्याकाळपर्यंत दुखणं बरंच कमी झालं. नाना आईला म्हणाले, “आता बरं हाय, उगी पोरीला फोन करू नगंस.”

या बरं वाटण्याबद्दल सर्जननी नंतर जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अल्सर फुटला की आम्ल आणि पित्त पोटाच्या पोकळीत सांडतं. पोकळीच्या आतून जे पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम, ते भाजून निघतं. तीच ती पहिली कळ. मग ते अस्तर स्वतःचा द्रव सोडतं, आम्ल पातळ होतं आणि काही तास दुखणं कमी होतं. भोक मात्र तसंच उघडं असतं, आणि याच तासांत जंतू वाढायला लागतात. तेव्हा अचानक उठलेली कळ आपोआप ओसरली, पण पोट कडक राहिलं, फुगत गेलं, गॅस सुटेना, लघवी कमी झाली, तर थांबू नका. तालुक्याला एक्स-रे निघतो. छातीच्या साध्या उभ्या एक्स-रेमध्येही बऱ्याचदा हे कळतं.

शनिवारी नानांचं पोट फुगलं. रात्री लघवी जवळजवळ नाहीच. रविवारी, २२ तारखेला पहाटे ते असंबद्ध बोलायला लागले, पाय गार पडले, श्वास भरभर चालला. दादाने १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. तिला पैसे लागत नाहीत, आणि आत ऑक्सिजन आणि डॉक्टर होते, हे महत्त्वाचं. मला फोन आला तेव्हा ते औशाच्या पुढे आले होते. मी थेट रुग्णालयात पोचले.

कॅज्युअल्टीमधल्या तरुण डॉक्टरांनी पहिले दोन प्रश्न विचारले: दुखणं नेमकं कधी सुरू झालं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. दादाने गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणली होती, त्यामुळे उत्तर लगेच देता आलं. बीपी ८० वर ५०, नाडी १३० च्या पुढे. दोन्ही हातांतून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त काढलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. सेप्टिक शॉकची, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळल्याची, शंका असेल तर पहिला डोस तासाभरात जायला हवा, असा जगभरचा नियम आहे. त्याबरोबर वजनाच्या हिशेबाने सलाइन: किलोमागे ३० मिली, म्हणजे नानांच्या साठ किलोला जवळजवळ १८०० मिली, पहिल्या तीन तासांत. तरीही बीपी वर येईना, तेव्हा नॉरअॅड्रिनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप लागला. एक्स-रेमध्ये डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, खाली हवा दिसली. ती हवा तिथे असूच नये. कुठेतरी भोक पडलंय हे त्यावरून ठरलं.

रक्ताचा पहिला रिपोर्ट हातात आला तो मी उभ्याउभ्याच वाचला. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढतं) ५.२, क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की वाढतं) २.९. पांढऱ्या पेशी ३१००. मला वाटलं छापताना चूक झाली. संसर्ग असेल तर पांढऱ्या पेशी वाढतात, हे मी वर्गात शिकवते. ड्युटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, “बरोबर आहे रिपोर्ट. पेशी रक्तातून पोटात धावल्यात, आणि हाडांच्या मगजातून तेवढ्या वेगाने नव्या येत नाहीयेत. हे चांगलं लक्षण नाही, ताई.” इतकं स्पष्ट बोलल्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग संमतीपत्रं आली. भूल, शस्त्रक्रिया, रक्त देणं, व्हेंटिलेटर, प्रत्येकाचा वेगळा कागद. त्यातल्या एकावर हाताने लिहिलं होतं: अतिजोखीम, टेबलावर मृत्यूची शक्यता. दादाचा हात सही करताना थरथरत होता. सर्जननी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “शेतकरी आहात ना? बांध फुटला की आधी भगदाड बुजवायचं का नुसतं पाणी उपसत बसायचं? आत्ता पोट उघडून भोक बंद केलं नाही, तर वरून कितीही औषध घाला, उपयोग नाही.” दादाने सही केली.

ऑपरेशनची तयारी सुरू असताना दुसरी धावपळ पैशाची. रविवार, त्यात सकाळ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर त्या वेळी कुणी नव्हतं. आम्ही चाळीस हजार भरले आणि पावती घेतली. ही पावती जपून ठेवा. योजनेची मंजुरी आल्यावर परताव्याचा हिशेब तिच्यावरूनच होतो. दुपारी योजनेचे रुग्णालयातले मदतनीस, आरोग्यमित्र, आले. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागदपत्रं नंतर देता येतात, हे त्यांनीच सांगितलं. ही योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ते फक्त पिवळ्या-केशरी कार्डावर नाही, पांढऱ्या रेशनकार्डावरही मिळतं. टोल फ्री नंबर १५५३८८.

आमचं कार्ड केशरी. अडचण दोन ठिकाणी आली. कार्ड जुनं, त्यावर बारा अंकी ऑनलाइन नंबर नव्हता. आणि नानांचं नाव आधारवर एक, कार्डावर दुसरं. घरातलं लाडाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं. वहिनी सोमवारी सकाळीच औशाच्या तहसीलमध्ये पुरवठा शाखेत जाऊन बसल्या. बाबूंना रुग्णालयाचं पत्र दाखवलं, नंबर शिक्क्यासह लिहून घेतला, नावाबद्दल स्वघोषणापत्र दिलं. त्यासाठी रुग्णालयाच्या शिक्क्याचं, ‘रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल आहे’ असं लिहिलेलं पत्र आदल्या दिवशी मागून ठेवलं होतं. त्या एका पत्रामुळे रांगेत पुढे घेतलं. मंगळवारी संध्याकाळी मंजुरी आली. तुमचं रेशनकार्ड ऑनलाइन आहे का आणि त्यावरची नावं आधारशी जुळतात का, हे घरी सगळे धडधाकट असतानाच बघून घ्या.

रुग्णालय योजनेत नसेल तर दुसरी वाट म्हणजे धर्मादाय. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावं लागतं.

ऑपरेशन दुपारी झालं. बाहेर येऊन सर्जननी मोबाइलवरचा फोटो दाखवला. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला करंगळीच्या नखाएवढं भोक. पोटातून दोन लिटरच्या वर पू आणि घाण पाणी काढलं, कोमट सलाइनने कितीतरी वेळा धुतलं, घाण बाहेर यायला दोन नळ्या, म्हणजे ड्रेन, ठेवल्या. फोटोत भोकाच्या बाजूला पिवळसर चरबीचा एक पडदा चिकटलेला दिसत होता. तो ओमेंटम, जठरापासून आतड्यांवर लोंबणारा. पोटात कुठे जळजळ झाली की हा पडदा तिथे जाऊन चिकटतो. त्याच्यात पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात, ते जंतू टिपतात. ब्रिटिश सर्जन रदरफर्ड मॉरिसन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याला ‘पोटातला पोलीस’ म्हटलं होतं. नानांच्या ओमेंटमने भोक बुजवायचा प्रयत्न केलेला होता, पण तो पुरा पडला नाही. सर्जननी त्याचाच एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, भोकावर टाक्यांनी बसवला. ग्रॅहम नावाच्या टोरांटोच्या सर्जननी १९३७ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत, आजही तीच वापरतात. शरीर जे स्वतः करू बघत होतं तेच सर्जननी पूर्ण केलं, हे ऐकून मला त्या अवस्थेतही थोडा धीर आला.

रात्री नाना व्हेंटिलेटरवर. लघवी तासाला मोजत होते. आयसीयूच्या दारावर बोर्ड होता: भेट सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, एकावेळी एक माणूस, हात धुऊन. डॉक्टर त्याच वेळी बाहेर येऊन प्रत्येक कुटुंबाशी बोलत. मी एक वही केली. तारीख, बीपीच्या औषधाचा डोस, लॅक्टेट, क्रिएटिनिन, लघवी, ड्रेनमध्ये काय आलं, शेवटचा ताप. रोज हेच विचारायचं. ‘कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘क्रिटिकल आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. ‘नॉरअॅड्रिनलिन कालपेक्षा कमी झालं का?’ विचारलं की खरी माहिती मिळते.

आयसीयूच्या मॅडमनी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर, पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून मला हे समजावलं. पोटाचं अस्तर पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढं भरेल. तिथे जंतू शिरले की तीन गोष्टी सुरू होतात. पहिलं, डायफ्रामच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रं असतात. श्वासाबरोबर पोटातला द्रव जंतूंसकट त्यांतून लसिकावाहिन्यांमध्ये ओढला जातो. हे मिनिटांत सुरू होतं. दुसरं, अस्तरात कायम राहणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जंतू गिळतात आणि सायटोकाइन नावाची निरोप्या रसायनं सोडून हाक मारतात. मग काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या फौजा येतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं जंतूंवर चिकटून त्यांना गिळायला सोपं करतात. तिसरं, फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं जाळं पडतं, आतडी आणि ओमेंटम एकमेकांना चिकटतात आणि घाण एका कोपऱ्यात कोंडली जाते. अपेंडिक्स फुटल्यावर कित्येकदा गाठ होऊन माणूस वाचतो तो यामुळे.

मग नानांच्या बाबतीत बिघडलं कुठे? भोक जवळजवळ दोन दिवस उघडं राहिलं. त्यात मधुमेह, ज्यात न्यूट्रोफिल मंद पडतात. जंतू आणि त्यांची विषं द्रवाबरोबर रक्तात पोचली. ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. ते ओळखणारा रिसेप्टर आपल्या पेशींवर असतो, टीएलआर-४. जन्मजात प्रतिकारशक्ती कशी जागी होते, यावरच्या संशोधनासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं, त्यात हा शोध येतो. हा इशारा एका जागी असेपर्यंत शरीर वाचवतो. तोच सगळ्या अंगभर वाजला की रक्तवाहिन्या सैलावतात, गळायला लागतात, बीपी पडतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसं थकतात. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने केली, ती हेच सांगते: संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडून त्यातून जिवावर बेतेल इतके अवयव निकामी होणं. नुसते रक्तात जंतू म्हणजे सेप्सिस नाही. नानांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये तर शेवटपर्यंत काहीच उगवलं नाही. उगवलं ते पोटातल्या पूमध्ये.

तो रिपोर्ट २५ जूनला आला: ई. कोलाय, ईएसबीएल प्रकारचा. म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा. औषध बदलून मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं. पूमध्ये कॅन्डिडा बुरशीही होती, तिचंही औषध लागलं. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतातच. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे कुठेही हलवायची वेळ आली तर तो सर्वांत आधी विचारला जातो.

दादाच्या मित्राने ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या काढ्याची माहिती पाठवली होती. दुसऱ्या कुणी विचारलं, संसर्ग असताना स्टिरॉइड का देतात, त्याने तर प्रतिकारशक्ती कमी होते. हे दोन्ही प्रश्न मी मॅडमना विचारले. स्टिरॉइड थोड्या मात्रेत, नॉरअॅड्रिनलिनवरही बीपी टिकत नसेल तेव्हा आधार म्हणून देतात. आणि प्रतिकारशक्ती नुसती वाढवायची किंवा नुसती दाबायची, असं एकही औषध आजवर सेप्सिसमध्ये खात्रीने चाललेलं नाही. टीएनएफ हा सायटोकाइन रोखून पाहिला, रुग्ण वाचण्याचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे सुधारलं नाही. झिग्रिस नावाचं सेप्सिसवरचं औषध २००१ मध्ये मंजूर झालं होतं, २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. कारण प्रत्येक रुग्ण वेगळ्या टप्प्यावर असतो. मॅडमचं एक वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलं: “आम्ही भोक बंद करतो, पू काढतो, औषधाने जंतूंची संख्या कमी करतो, अवयव धरून ठेवतो. उरलेली सफाई त्यांच्या पेशीच करणार. त्यांना ती करता यावी एवढीच आमची सगळी धडपड.”

त्यानंतर माझं बघणं बदललं. साखर दर दोन तासांनी का तपासतात, ती १४० ते १८० च्या दरम्यान का ठेवतात, सिस्टर प्रत्येक वेळी हात का चोळतात, पहिल्या काही दिवसांतच नळीतून थोडं थोडं अन्न का सुरू केलं, याचं कारण दिसायला लागलं. आईला वाटायचं, मुगाचं पाणी द्यावं. आहारतज्ज्ञांनी तिला बसवून सांगितलं की मुगाच्या पाण्यात प्रथिनं अगदी थोडी उतरतात. नानांना दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम तरी लागणार होती, नव्या पेशी त्यातूनच तयार होतात. गावाहून मावशीने अंगारा पाठवला होता. तो नानांच्या कपाळाला लावायचा होता. सिस्टरांनी समजुतीने नको म्हटलं, गळ्यात मध्यवर्ती नळी होती. आईने ती पुडी आपल्या पर्समध्ये ठेवली आणि रोज अकराच्या भेटीला आत जाताना पर्स बाहेर माझ्या हातात देण्याआधी तिला हात लावून घ्यायची.

२६ जूनला बीपीचं औषध बंद झालं, २७ ला श्वासाची नळी काढली, व्हेंटिलेटर सुटला. आम्ही पेढे आणायच्या विचारात होतो. मॅडम म्हणाल्या, आता दुसरा टप्पा. सुरुवातीच्या वादळात प्रतिकारशक्ती थकून जाते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात, मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना जंतूंचे तुकडे ओळख पटवायला पुढे करता येत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवा संसर्ग होतो, नाहीतर जुना डोकं वर काढतो. हे साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीतही थोडंफार दिसतं. पांढऱ्या पेशी आता सोळा हजार होत्या, पण लिम्फोसाइट फक्त चार-पाच टक्के. एकूण आकड्यावर खूश होऊ नका, लिम्फोसाइट किती ते पाहा, असं त्या म्हणाल्या. वहीत एक रकाना वाढला.

आणि २८ च्या रात्री ताप आलाच. सोनोग्राफी, मग सीटी. यकृताखाली पूची गाठ. शरीराने घाण कोंडली होती, पण कोंडलेल्या पूमध्ये औषध नीट पोचत नाही आणि पेशींनाही तिथे काम करता येत नाही. २९ तारखेला रेडिओलॉजिस्टनी सोनोग्राफीत बघत सुईच्या वाटेने पिगटेल नावाची बारीक नळी घातली. पुन्हा पोट उघडावं लागलं नाही. पिशवीत दाट, हिरवट पिवळा पू उतरला. मी तो बघितला आणि मला घाण वाटली नाही, हायसं वाटलं. योजनेत या नव्या प्रक्रियेची आणि वाढलेल्या दिवसांची मंजुरी पुन्हा घ्यावी लागली. आरोग्यमित्र आयसीयूत येऊन नानांचा खाटेवरचा फोटो काढून गेले. ते मागतात, घाबरू नका.

या दिवसांत नाना भ्रमात होते. सलाइनच्या नळ्या ओढायचे, “तिफण सोडा, पाऊस येतोय” म्हणायचे. रात्री जास्त. मला वाटलं मेंदूवर काही झालं. आयसीयूत वयस्क माणसांना हे बऱ्याचदा होतं. सिस्टरांनी चष्मा आणायला सांगितला, दिसेल असं घड्याळ लावलं, दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवायला लागले. भेटीच्या वेळी आज कोणता वार, कुठे आहोत, पेरणी कुठवर आली हे शांतपणे सांगायचं. तीन-चार दिवसांत बोलणं ताळ्यावर आलं.

४ जुलैला मॅडमनी मेरोपेनेम बंद केलं. दादा चिडला. “अजून पिशवीत थोडं पाणी येतंय आणि औषध बंद?” मीही घाबरले होते. त्यांनी २०१५ चा अमेरिका-कॅनडातला अभ्यास सांगितला. पोटातल्या संसर्गाचे ५१८ रुग्ण होते. घाणीचं मूळ नीट काढलेलं असेल तर चार दिवसांच्या आसपास अँटिबायोटिक दिलेल्यांत आणि आठवडाभर किंवा जास्त दिलेल्यांत फरक पडला नाही. नानांचा प्रोकॅल्सिटोनिन (संसर्ग असताना रक्तात वाढणारा आकडा) उतरत होता, ताप नव्हता, लिम्फोसाइट वाढत होते. जास्त दिवस औषध दिलं तर चिवट जंतूच उरतात, आणि पोटातले उपयोगी जंतू मरतात ते वेगळंच. बंद केल्यावर पहिली रात्र आम्ही दोघं बहीण-भाऊ झोपलो नाही. ताप आला नाही.

५ जुलैला वॉर्डात आणलं. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. आईने उपास धरला, नानांनी दोन घास मऊ भात खाल्ला. वॉर्डातल्या मावशींनी त्यांना खुर्चीत बसवलं तेव्हा मांड्या एवढ्या बारीक झालेल्या दिसल्या की दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. फिजिओथेरपीची ताई रोज यायची. चार पावलं, मग दारापर्यंत. पिगटेल १२ तारखेला निघाली, १६ जुलैला सुट्टी मिळाली.

खर्चाचं सांगते. मोठा भाग योजनेत बसला. मंजुरीआधीचे काही पैसे परत मिळाले. बाहेरून केलेल्या काही तपासण्या, रक्ताच्या पिशव्यांचं प्रक्रिया शुल्क, लातुरातलं खाणं-पिणं, येणं-जाणं आणि घरी आल्यावरची औषधं, प्रथिनांची पावडर, पोटाचा पट्टा मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. दादाची पेरणी शेजाऱ्यांनी उरकून दिली, त्याचा हिशेब कुठे मांडणार? सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, सगळे कल्चर रिपोर्ट आणि सीटीची सीडी मागून घ्या. नंतर मिळवायला अर्ज आणि फेऱ्या लागतात.

घरी आल्यावर सगळं संपलं असं वाटतं, तसं नसतं. नाना महिनाभर दोन पायऱ्यांवर दमायचे. झोप मोडायची, नावं विसरायचे. सप्टेंबरात केस मुठीने गळायला लागले. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि ते परत येतात, येत आहेत. अल्सरचं मूळ शोधायला ऑगस्टअखेरीस एंडोस्कोपी झाली. भोक भरलं होतं, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. त्याच्यासाठी चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स झाला. अशा वेदनाशामक गोळ्यांमुळेही अल्सर होतो, म्हणून डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या सगळ्या गोळ्या कायमच्या बंद. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम. न्यूमोकोकलची लस टोचून घेतली, कारण सेप्सिसनंतर काही महिने पुन्हा संसर्गाने दाखल व्हायची शक्यता जास्त असते.

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन. त्या दिवशी मी शाळेत परिपाठाच्या वेळी मुलांना हे सांगितलं. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू, असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. मुलांना आकडा मोठा वाटला, पण त्यांचे प्रश्न घरातले होते. एकाने विचारलं, “बाई, आमच्या आजोबांच्या गोळीचं नाव काय ते कसं बघायचं?” सोमवारी चार-पाच जणांनी पाकिटं आणली. आम्ही त्यांच्यावरची नावं वाचली आणि ज्यांच्या घरी डायक्लोफेनॅक रोज चालू होती, त्यांच्या पालकांना डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

नानांच्या टाक्यांच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून पट्टा अजून आहे, जड उचलायला मनाई आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: मधुमेह, जून २०२५ मध्ये अल्सर फुटून सेप्सिस, पूमध्ये ईएसबीएल ई. कोलाय. त्याखाली दोन फोन नंबर. ताप, धाप, गोंधळलेलं बोलणं किंवा कमी झालेली लघवी, यातलं काहीही दिसलं तर तीच फाइल घेऊन निघायचं, हे दादाला, वहिनीला आणि शेजारच्या काकांनाही पाठ आहे.